पाण्याने भरलेली बोट सपाट तरंगली पाहिजे

पंधरा-सोळा फुटांची एक नवी कोरी बोट चाचणीच्या टाकीत उतरवतात आणि मुद्दाम पाण्याने भरू देतात. प्रवाशांच्या जागी वजनं ठेवलेली असतात. मागच्या फळीवर, जिथे इंजिन लटकतं तिथे, इंजिनाच्या हिशोबाचं वजन बांधलेलं असतं. पाणी आतबाहेर खेळत राहतं आणि बोट अठरा तास तशीच ठेवली जाते. मग मोजमाप सुरू होतं. बोट १० अंशांपेक्षा जास्त कलली आहे का? पुढचा किंवा मागचा भाग पाण्याच्या वर आहे का? एक टोक वर असेल तर दुसरं सहा इंचांपेक्षा खोल गेलं आहे का? त्यानंतर निम्मी वजनं काढून उरलेली एका बाजूला ठेवतात आणि पुन्हा पाहतात. आता कल ३० अंशांच्या आत राहायला हवा.

ही चाचणी अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांतली आहे. वीस फुटांपेक्षा लहान, एकाच बॉडीच्या आणि दोन अश्वशक्तीपेक्षा मोठं आउटबोर्ड इंजिन लावायच्या बोटींना ती १ ऑगस्ट १९७८ पासून लागू झाली. तिचं वेगळेपण असं की बोट बुडू नये यासाठी ती नाहीच. लाट आत आली, कुणी उभं राहिलं, वजन एका बाजूला गेलं, बोट भरली, हे सगळं घडून गेलं आहे असं धरूनच ती सुरू होते. त्यानंतर आतल्या माणसांना धरायला, बसायला काय उरतं, एवढंच ती विचारते.

सरकारने हौशी बोटींच्या बांधणीत हात घातला त्याचं हे एक प्रकरण. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण नियम कुठे करायचा आणि कुठे नाही याची एक चांगली कसोटी त्यात सापडते आणि ती कसोटी कुठे तोकडी पडते तेही दिसतं.

लाकूड गेलं, त्याबरोबर काय गेलं

लाकडी बोट पाण्याने काठोकाठ भरली तरी सहसा तळाला जात नाही. लाकूड स्वतःच तरंगतं. माणसं गळ्यापर्यंत भिजतात, पण धरायला काहीतरी राहतं. ही सुरक्षितता कुणी आखून दिलेली नव्हती. सामग्रीबरोबर ती आपोआप मिळत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी बोटी फायबरग्लास आणि ॲल्युमिनियमच्या होऊ लागल्या. या बोटी हलक्या, स्वस्त होत्या, साच्यातून भराभर निघत होत्या, कुजत नव्हत्या. पण फायबरग्लास पाण्याच्या साधारण दीडपट जड असतं आणि ॲल्युमिनियम २.७ पट. पोकळ आकारात हवा आहे तोवर बोट तरंगते. हवेची जागा पाण्याने घेतली की ही सामग्री बोटीला खाली ओढते. त्याच काळात मागे लटकणारी आउटबोर्ड इंजिनंही मोठी आणि जड होत गेली. म्हणजे भरलेल्या बोटीचं सगळ्यात जड टोक नेमकं मागे. अशी बोट मागून खाली जाते आणि नाक वर करून उभी राहते, किंवा पालथी होते. पाण्यात पडलेल्या माणसाच्या हाताला लागतो तो गुळगुळीत, ओला, गोल तळ. त्याला धरायला काहीच नसतं.

लाकडातून फुकट मिळणारी गोष्ट नव्या सामग्रीत नाहीशी झाली होती आणि ग्राहकाला ते कळायला मार्ग नव्हता. दुकानात उभी असलेली नवी बोट जुनीपेक्षा जास्त मजबूत दिसे.

१९७१ पूर्वी कायदा कुणाकडे बोट दाखवत होता

त्याआधीचा मुख्य कायदा १९४० चा, मोटरबोटींचा. त्याचा भर बोटीवर काय सामान हवं यावर होता: जीवरक्षक जाकीट, आग विझवायचं साधन, दिवे, इंजिनातली ज्वाला बाहेर येऊ न देणारी जाळी. १९५८ च्या कायद्याने बोटींना क्रमांक देण्याची आणि अपघातांची नोंद ठेवण्याची घडी बसवली. दोन्हींत जबाबदारी मुख्यतः चालवणाऱ्याची. बोट कशी बांधली आहे, हे विचारायचा अधिकार हौशी बोटींच्या बाबतीत सरकारकडे नव्हता.

बांधणीचे मापदंड अस्तित्वात नव्हते असं मात्र नाही. १९५४ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही संस्था तांत्रिक शिफारशी तयार करत होती. पण त्या ऐच्छिक होत्या. चांगला कारखाना त्या पाळे आणि शेजारचा पाळत नसे. दोघांच्या बोटी एकाच दुकानात शेजारी उभ्या असत.

१० ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने केंद्रीय बोट सुरक्षा कायदा आला. त्याने तटरक्षक दलाला हौशी बोटी आणि त्यांच्या उपकरणांच्या बांधणीचे किमान सुरक्षा मापदंड ठरवायचा अधिकार दिला. उत्पादकाला बोटीत दोष आढळला तर ग्राहकाला कळवून स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून देणं बंधनकारक झालं. राज्यांना बांधणीचे वेगळे मापदंड काढायला मनाई झाली, कारण एका राज्यात बनलेली बोट सगळ्या राज्यांत विकली जाते आणि पन्नास प्रकारच्या नियमांत कुणीच नीट बोट बनवू शकला नसता.

या कायद्याने अधिकाराबरोबर लगामही दिला, हे मला त्याचं खरं शहाणपण वाटतं. नियम करण्याआधी त्याची गरज दाखवायची, तो सुरक्षिततेत किती भर घालेल हे पाहायचं आणि उपलब्ध मापदंड व अपघातांची आकडेवारी विचारात घ्यायची. आधीच बनलेल्या बोटींत मोठे बदल करायला सर्वसाधारणपणे भाग पाडायचं नाही. नियम जाहीर झाल्यापासून अमलात येईपर्यंत किमान १८० दिवस द्यायचे. आणि प्रत्येक वेळी एका सल्लागार मंडळाला विचारायचं, ज्यात राज्यांचे अधिकारी, उत्पादक आणि बोट वापरणारे नागरिक सारख्या संख्येने असतील.

या सगळ्याला वेळ लागला. बोटीला ओळख क्रमांक देणं आणि क्षमतेची पाटी लावणं १९७२ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालं. सुरुवातीच्या नियमांत तरंगण्याबद्दल अट होती, पण ती इतकीच की बोट तळाला जाऊ नये, तिचा कुठलातरी भाग वर राहावा. सपाट तरंगण्याचा नियम यायला १९७८ उजाडलं. या मधल्या वर्षांत, १९७३ मध्ये, हौशी बोटींच्या अपघातांत १,७५४ माणसं गेली. तो आजवरचा उच्चांक आहे. उशिराची किंमत कुणीतरी मोजलीच.

फोम किती यापेक्षा कुठे

बोट तरंगत ठेवायला तिच्यात बंद कप्प्यांत फोम भरतात. घनफुटाला दोन पौंड वजनाचा पॉलियुरेथेन फोम साधारण ६० पौंड उचलून धरतो. हिशोब सोपा वाटतो. फायबरग्लासची बॉडी पाण्यात गेली की तिचं वजन तिसऱ्या हिश्शावर येतं, म्हणजे ६०० पौंडांच्या बॉडीला सुमारे २०० पौंडांचा उचल लागतो आणि तो साडेतीन घनफुटांहून कमी फोममध्ये मिळतो.

एवढा फोम तळाच्या फळ्यांखाली सहज मावतो आणि पुष्कळ कारखाने तो तिथेच टाकत. बोट बुडत नव्हती, पण उलटत होती. कारण उघड आहे: भरलेल्या बोटीत तरंगणारा भाग तळाशी आणि जड भाग वर असेल, तर तरंगणारा भाग वर येऊ पाहतो आणि बोट पालथी होऊनच शांत होते. फोम कडेला, काठाच्या आतल्या बाजूला उंचावर आणि मागच्या फळीच्या दोन्ही अंगांना इंजिनाजवळ हवा. तसा बसवला की भरलेली बोट सरळ राहते. कललीच तर खाली जाणारी बाजू फोमसकट पाण्यात शिरते आणि परत वर ढकलली जाते.

म्हणजे प्रश्न फोमच्या किमतीचा फारसा नव्हता. काठाच्या आत जागा सोडायची, बैठकीची आखणी बदलायची, साचा बदलायचा, हा खरा खर्च होता. हे काम एकाच कारखान्याने केलं असतं तर त्याची बोट शेजारच्यापेक्षा आतून अरुंद दिसली असती आणि त्याचा फायदा ग्राहकाला दिसला नसता. नियम सगळ्यांना लागू झाला तेव्हा ही अडचण संपली. बाजाराने हे आपोआप केलं असतं, असं म्हणणाऱ्यांना मी हा काठाचा मुद्दा सांगेन.

नियमात आणखी एक बारकावा आहे. प्रवाशांच्या सगळ्या वजनाचा भार उचलायची अट नाही. पहिल्या ५५० पौंडांच्या निम्मा आणि त्यापुढच्या वजनाच्या साडेबारा टक्के एवढाच धरतात. हे फार कमी वाटेल, पण भरलेल्या बोटीत बसलेल्या माणसाचं कंबरेखालचं अंग पाण्यातच असतं आणि पाणी त्याला स्वतःच उचलून धरतं. बोट म्हणजे अशा वेळी पाण्यातलं एक बाकडं. पण त्या बाकड्यामुळे माणूस बोटीपाशी थांबतो. पालथ्या तळावरून हात निसटला की तो किनाऱ्याकडे पोहायला निघतो. किनारा वाटतो त्यापेक्षा दूर असतो, पाणी थंड असतं आणि शोधणाऱ्यांना बोट सापडते तेव्हा माणूस तिथे नसतो.

क्षमतेच्या पाटीवर किती माणसं, किती पौंड, किती अश्वशक्ती हे लिहिलेलं असतं. माणसांची संख्या काढायचं सूत्र असं: माणसांसाठीच्या वजनात ३२ मिळवा आणि १४१ ने भागा. म्हणजे माणशी १४१ पौंड, सुमारे ६४ किलो. मुलाबाळांसकट कुटुंब धरलं तर ठीक, पण चार धिप्पाड मासेमारांना ते पुरत नाही. म्हणून पाटीवर माणसांच्या आकड्याबरोबर पौंडही असतात आणि दोन्हींतलं जे आधी भरेल ते पाळायचं असतं. बरेच जण फक्त माणसं मोजतात, हे दुर्दैव.

पेट्रोलची वाफ

बुडण्यानंतरचा दुसरा धोका आगीचा आणि स्फोटाचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीत गळती झाली तर वाफ खाली निघून जाते. बोटीत वाफेला खाली निघून जायला जागाच नाही, ती तळाच्या पोकळीत साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आतल्या भागात पेट्रोल इंजिन असलेल्या बोटींसाठी इंधन आणि वीजजोडणीचे नियम आले. टाकीची सगळी तोंडं वरच्या बाजूला हवीत, म्हणजे जोड निसटला तरी अख्खी टाकी तळात रिकामी होणार नाही. ठरलेल्या आगीत टाकी आणि नळी अडीच मिनिटं टिकली पाहिजे. अडीच मिनिटं कमी वाटतात, पण बोटीवर तेवढ्यात जाकीट घालून उडी मारता येते. आणि इंजिनाच्या कप्प्यातल्या वीज उपकरणांमुळे भोवतालची वाफ पेटता कामा नये. ही उपकरणं ४.२५ ते ५.२५ टक्के प्रोपेन मिसळलेल्या हवेत चालवून पाहतात. आतली ठिणगी बाहेरचं मिश्रण पेटवू शकली नाही, तरच ती पास.

मोटारीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बोटीच्या इंजिनावर अनेकदा चपखल बसतो आणि स्वस्तही पडतो. दोन्ही शेजारी ठेवले तर हातात घेऊनही फरक कळत नाही. पण मोटारीच्या भागातून ठिणगी बाहेर पडू शकते. कारखान्यातून निघालेल्या बोटीत योग्य भाग असतो, दहा वर्षांनी गॅरेजमध्ये बदललेल्या भागाची खात्री कोण देणार? बांधणीचे नियम बनवणाऱ्याला बांधतात, पुढे मालकाने काय केलं तिथवर ते पोचत नाहीत. इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं आतली हवा बाहेर फेकणारा पंखा चालवा, तळात वाफ आहे का पाहा, अशी सूचना लिहिणंही म्हणूनच सक्तीचं झालं. पंखा उत्पादकाने बसवायचा, बटण मात्र माणसालाच दाबायचं आहे.

कसोटी

तटरक्षक दलाने सक्तीसाठी निवडलेल्या गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या तर मला एक सूत्र दिसतं. काठाआडचा फोम, बंद कप्प्यातली नळी, अल्टरनेटरच्या आतली जाळी, बोट किती वजन पेलेल याचा हिशोब: यांतली एकही गोष्ट ग्राहकाला विकत घेताना पाहून ओळखता येत नाही. बसायची गादी, रंग, वेग, आवाज यांचा निवाडा तो करू शकतो, ते बाजारावर सोडलं. जे दिसत नाही आणि चुकलं तर जीव जातो, तिथे सरकार आलं. कायद्यात हे असं लिहिलेलं नाही, पण नियम वाचताना हाच धागा हाती लागतो.

अंमलबजावणीत मात्र मोठी सवलत आहे. सरकार प्रत्येक मॉडेल आधी तपासून मंजूर करत नाही. आपली बोट मापदंडांप्रमाणे आहे, हे उत्पादक स्वतःच प्रमाणित करतो आणि तसं लेबल लावतो. तटरक्षक दल कारखान्यांना भेटी देतं, बाजारातून काही बोटी विकत घेऊन चाचणीला पाठवतं, दोष निघाला तर दुरुस्ती करायला लावतं. हजारो लहानमोठे कारखाने असलेल्या धंद्यात दुसरं काही परवडलं नसतं, हे मान्य. तरी ज्या गोष्टी ग्राहकाला दिसत नाहीत म्हणून नियम केला, त्याच गोष्टींबाबत पुन्हा बनवणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहायचं, ही या व्यवस्थेतली सगळ्यात कमकुवत कडी आहे. बाजारातून उचललेल्या नमुन्यांची तपासणी ढिली पडली की ती लगेच सैल होते.

युरोपने १९९४ मध्ये वेगळी वाट धरली. तिथल्या निर्देशात सुरक्षेच्या मूलभूत अपेक्षा आहेत, तपशील आंतरराष्ट्रीय मापदंडांवर सोडला आहे, आणि २.५ ते २४ मीटरच्या बोटींना वारा आणि लाटांच्या अंदाजानुसार अ ते ड असे वर्ग दिले आहेत. काही प्रकारच्या बोटींना स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. अमेरिकेचे नियम संख्येने कमी आणि अधिक नेमके, युरोपचे जास्त व्यापक.

पंख्याची जाळी

एका ठिकाणी तटरक्षक दल थांबलं. पाण्यात पडलेल्या माणसाला बोट ढकलणाऱ्या, पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याने (प्रोपेलरने) होणाऱ्या जखमा भयंकर असतात. पंख्याभोवती जाळी सक्तीची करावी का, यावर सल्लागार मंडळाच्या उपसमितीने अभ्यास केला. जाळीमुळे वेगात बोट हाताळणं बिघडतं आणि पंख्याची जखम टळली तरी जाळीचाच आघात होऊ शकतो, अशा कारणांनी तिने सक्तीविरुद्ध मत दिलं. १९९० मध्ये तटरक्षक दलाने ते मान्य केलं.

पुढे १९९५ मध्ये एका महिलेचा बोटीतून पडून पंख्यामुळे मृत्यू झाला आणि तिच्या पतीने इंजिनाच्या उत्पादकावर, मर्क्युरी मरीनवर, दावा लावला. कंपनीचा युक्तिवाद असा की सरकारने विचार करून सक्ती नाकारली आहे, तेव्हा असा दावाच चालू शकत नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २००२ मध्ये न्यायालयाने एकमताने कंपनीविरुद्ध निर्णय दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा: सक्ती न करण्याचा निर्णय म्हणजे जाळी लावूच नये असा हुकूम नव्हे, आणि मापदंड पाळले म्हणून उत्पादकाची नुकसानभरपाईची जबाबदारी संपते असंही कायदा म्हणत नाही.

माझ्या मते हे बरोबर झालं. किमान मापदंड हा खालचा उंबरा असतो. त्यालाच छत मानलं असतं तर सरकार जिथे पुराव्याअभावी थांबलं, तिथे सुधारणाही कायमची थांबली असती. २०१८ च्या कायद्याने २६ फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींत चालक फेकला गेला तर इंजिन बंद पाडणारी कळ बसवणं उत्पादकांना बंधनकारक केलं आणि एप्रिल २०२१ पासून ती कळ जोडून घेणं चालकालाही बंधनकारक झालं. पंखा झाकता आला नाही, पण थांबवता आला.

आकडे, आणि सुटलेल्या बोटी

२०२३ मध्ये हौशी बोटींच्या अपघातांत ५६४ मृत्यू झाले. नोंदणी झालेल्या बोटी १९७३ च्या जवळपास दुप्पट असताना. हे श्रेय एकट्या फोमचं नाही. जाकिटं सुधारली, राज्यांनी प्रशिक्षण सुरू केलं, दारू पिऊन बोट चालवण्यावर कायदे आले. कुठल्या उपायाने किती जीव वाचले हे वेगळं काढून दाखवता येत नाही. त्याच वर्षीच्या बुडालेल्यांपैकी, ज्यांच्याबद्दल माहिती मिळाली, त्यांतल्या ८७ टक्के लोकांच्या अंगावर जाकीट नव्हतं. सपाट तरंगणारी बोट जाकिटाची जागा घेत नाही.

आणि नियमाच्या बाहेर राहिलेल्या बोटी आहेतच. कायाक, कनू, शिडाच्या बोटी, हवा भरायच्या बोटी आणि दोन-तीन नळकांड्यांवर तरंगणारे पाँटून या तरंगण्याच्या नियमात येत नाहीत. वीस फुटांच्या वरच्याही नाहीत. वीस फुटांवर रेघ ओढली कारण मृत्यू लहान उघड्या बोटींत जास्त होत होते.

सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र नियमाच्या आतल्याच बोटींची आहे. मापदंड लागतो तो बनवण्याच्या वेळी. त्यानंतर हौशी बोटीचा फोम ठरावीक काळाने पुन्हा तपासायची सक्ती केंद्रीय नियमांत नाही. तीस-चाळीस वर्षांची बोट तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे असते. तळाच्या फळ्यांखालचा फोम खालून पाणी पीत गेलेला असतो, बोट शेकडो पौंडांनी जड झालेली असते आणि काठावरची पाटी अजून जुनाच आकडा सांगत असते. अशी बोट घेणाऱ्याने ती ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्यावी, ट्रेलर, इंजिन आणि इंधनाचं वजन वजा करून कारखान्याच्या आकड्याशी ताडून पाहावी. फरक मोठा असेल तर मागच्या बाजूला, आतल्या तळफळीच्या सगळ्यात सखल जागी, एक भोक पाडून आतला फोम बाहेर काढून पिळून पाहावा.